संघाचा मंचक आणि आपले बाक

या स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असतानाच शाळेत आणखी एक विषय चर्चेला आला होता. जुन्या वर्गखोल्यांतील सागवानी बाकांचे काय करावयाचे? संस्थेच्या आरंभीच्या वर्षांत गावच्या सुतारांकडून करवून घेतलेली ही बाके. काहींचे पाय डगमगतात, काहींच्या फळ्या सुटल्या आहेत आणि जवळजवळ सर्वांवर कर्कटकाने कोरलेली नावे आहेत. ती भंगारात काढून लोखंडी नळ्यांची आणि पार्टिकल बोर्डची नवी बाके आणावीत, असा प्रस्ताव होता. पालकसभेत आम्ही दुरुस्तीच्या बाजूने बोललो. लाकूड अस्सल आहे, सांधे पुन्हा आवळता येतील, खर्चही कमी येईल, असे आमचे म्हणणे होते. तेव्हा मागच्या रांगेतून एक माउली उठल्या आणि म्हणाल्या, "सर, आमचा जन्म लोकाच्या जुन्या-पान्यावर गेला. लेकरायला तरी नवं बाकडं द्या."

सभेत त्या वेळी आम्हांला उत्तर सुचले नाही. टिकाऊ फर्निचर, दुरुस्तीयोग्य रचना, वस्तूशी जडणारा जिव्हाळा हे विषय आज जगभर मोठ्या उत्साहाने बोलले जातात. परंतु जुन्या वस्तूचे गुणगान ऐकताना ज्यांच्या मनाला चरा पडतो, त्यांचा विचार त्या चर्चेत क्वचितच होतो. तो चरा कोठून आला, हे आधी पाहिले पाहिजे.

माउलींच्या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावे याची यादी दिलेली आहे: उरलेले अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचे फोलपट आणि घरातील जुने झालेले सामान. म्हणजे जुने फर्निचर कोणाच्या वाट्याला जावे, हे धर्मशास्त्राने ठरवून टाकले होते. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात, वरच्या वर्णाच्या माणसाबरोबर एका आसनावर बसू पाहणाऱ्या खालच्या माणसाला कमरेवर डाग देऊन हद्दपार करण्याची शिक्षा सांगितली आहे. आसन ही आपल्या देशात निव्वळ सोयीची वस्तू कधीच नव्हती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन झाले, त्यात ही जुन्या सामानाची आणि वेगळ्या आसनाची कलमेही जळाली, हे आपण विसरू नये.

खुद्द बाबासाहेबांच्या शालेय जीवनातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी हे लिहून ठेवले आहे. तेव्हा आमच्या समाजातील एखादी आई नव्या बाकाचा आग्रह धरते, त्याला केवळ चंगळवाद म्हणून मोकळे होता येणार नाही.

पण म्हणून दुरुस्तीचा विचारच सोडून द्यावा काय? या प्रश्नाने आम्हांला पुन्हा विनयपिटकाकडे नेले. संघाच्या वस्तूंविषयी तेथे इतके बारीक तपशील आहेत की, वाचताना आपण धर्मग्रंथ वाचतो आहोत की एखाद्या वसतिगृहाची नियमावली, असा प्रश्न पडतो.

झोपण्या-बसण्याच्या सर्व साधनांना आणि निवासाला मिळून पालीत 'सेनासन' असा शब्द आहे. त्यात मञ्च म्हणजे पलंग, पीठ म्हणजे बसण्याचे आसन, भिसि म्हणजे गादी आणि बिम्बोहन म्हणजे उशी या वस्तू येतात. पलंगाचे पाय चौकटीला कसे जोडले आहेत, यावरून विनयाने पलंगाचे प्रकार पाडले आहेत. त्यांपैकी 'आहच्चपादक' प्रकारात पाय नुसते भोकात बसवलेले, काढता येण्याजोगे असत. असा पलंग माळ्यावर ठेवून एक भिक्षू त्यावर धपकन बसला, पाय निसटला आणि खाली बसलेल्या भिक्षूच्या डोक्यावर पडला. त्यावरून नियम झाला. सांध्याचा प्रकार आणि वापराची जागा यांचा मेळ घालण्याचा हा विचार अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आला आहे; आजच्या फर्निचरवाल्यांनीही तो मनावर घ्यावा.

दुसरा प्रसंग श्रावस्तीचा आहे. थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी संघाचे पलंग-आसने उघड्यावर काढली आणि त्यांवर बसून ऊन घेतले. भोजनाची वेळ झाल्याची हाक आली, तसे सगळे उठून गेले. सामान तेथेच राहिले आणि भिजले. तेव्हा भगवंतांनी नियम घातला की, संघाचे आसन उघड्यावर मांडणाऱ्याने जाताना ते उचलून ठेवावे, दुसऱ्याकडून उचलवून घ्यावे किंवा निदान कोणाला तरी सांगून जावे. पुढे एक सवलतही आहे: पावसाचे महिने सोडून उरलेल्या आठ महिन्यांत मांडवात किंवा झाडाखाली सामान ठेवता येईल, मात्र कावळे-घारी जेथे विष्ठा टाकणार नाहीत अशीच जागा निवडावी. आणखी एका ठिकाणी भिक्षू अंथरूण आत तसेच टाकून गेले आणि वाळवीने ते खाल्ले, म्हणून त्याचाही नियम झाला. पलंगाच्या पायांनी सारवलेल्या जमिनीवर ओरखडे उठू लागले, तेव्हा पायांना चिंध्या गुंडाळण्याची अनुज्ञा मिळाली. खोली झाडताना पलंग बाहेर न्यायचा तो खाली वाकवून, दाराच्या चौकटीला न घासता, न आपटता. आणि परत आणून जागच्या जागी ठेवायचा.

हे सर्व कोणी करायचे? गोणपाटाला हात न लावणाऱ्या नोकराने नव्हे, आणि त्याच्या जागी आणून ठेवलेल्या दुसऱ्या एखाद्या खालच्या मानलेल्या माणसानेही नव्हे. जो त्या आसनावर बसला, त्याने. मग तो क्षत्रिय कुळातून आलेला असो की न्हावी कुळातून. काळजी घेण्याचे काम जातीवर सोपवले की काम करणारा हीन ठरतो आणि वापरणारा बेफिकीर होतो. जाती ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये मांडले. तिचा हा एक घरगुती परिणाम म्हणावा लागेल.

चुल्लवग्गातील एक कथा आम्हांला विशेष प्रिय आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, हा श्रमण इतक्या वस्त्रांचे करणार काय? दुकान मांडणार की काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीची खोळ. जुन्या खोळीचे? जमिनीवरची बिछायत. तिचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झटकण्याची फडकी. आणि त्या फडक्यांचे? ती कुटून चिखलात मळून जमीन सारवू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा मनुस्मृतीच्या त्या यादीशेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे वस्तू जुनी होते आणि दोन्हीकडे ती फुकट जात नाही. मात्र मनूच्या व्यवस्थेत वस्तू झिजली की ती माणसांच्या उतरंडीवरून खाली उतरते. वरच्याचे जुने ते खालच्याचे नशीब. संघात वस्तू उपयोगांच्या उतरंडीवरून उतरते, माणसे मात्र जागच्या जागी, समान पातळीवर राहतात. चादर नेसणारा आणि पायपुसणे वापरणारा हे दोन वेगळे वर्ग तेथे नाहीत. माउलींना जे खुपत होते ते जुनेपण नव्हते. दुसऱ्याचे उतरलेले आपल्याला मिळणे, हे होते. आमच्या शाळेतील बाके कोणाची उतरलेली नाहीत. ती आपल्याच लोकांच्या वर्गणीतून, आपल्याच मुलांसाठी नवी केलेली होती आणि आपल्याच हातांखाली जुनी झाली.

येथे एक शंका येईल. बुद्धधम्म तर आसक्ती सोडा असे शिकवतो. मग वस्तूशी जिव्हाळा जडावा, असे म्हणणे धम्माशी सुसंगत आहे काय? इंग्लंडमधील जोनाथन चॅपमन यांनी २००५ मध्ये 'इमोशनली ड्युरेबल डिझाइन' नावाचे पुस्तक लिहिले. वस्तू मोडली म्हणूनच फेकली जाते असे नाही, तिच्याशी असलेले नाते संपले म्हणूनही ती फेकली जाते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. निरीक्षण खरे आहे. परंतु नाते कसले, हा प्रश्न उरतोच. विनयाप्रमाणे विहार, जमीन, पलंग-आसने या वस्तू 'गरुभण्ड' म्हणजे जड मालमत्ता होत. त्या कोणा व्यक्तीला वाटून देता येत नाहीत, संपूर्ण संघाने ठरवले तरीही नाही. आलेल्या आणि न आलेल्या, चारी दिशांच्या संघाच्या त्या असतात. 'हे माझे' म्हणून मिठी मारणे ही तृष्णा. 'हे माझ्यानंतर येणाऱ्याचे आहे' म्हणून सांभाळणे हा जिव्हाळा. पहिल्यात वस्तू कपाटात जाते, दुसरीत ती वापरात राहते.

या गरुभण्डाच्या यादीत आणखी काही वस्तू आहेत, त्यांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वाकस, कुऱ्हाड, कुदळ अशी अवजारे त्याच यादीत आहेत. वेत, बांबू, लाकूड आणि माती यांचे सामानही आहे. म्हणजे पलंग जसा संघाचा, तशी पलंग नीट करण्याची अवजारे आणि साहित्यही संघाचेच. आमच्या मते टिकाऊपणाचे सारे रहस्य या शेजारात आहे. आज आपण बाके विकत घेतो आणि पटाशी घेत नाही.

कारागिराच्या मानाविषयीही आपल्या परंपरेत पुरावे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. त्याच लेण्यातील एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या 'वड्ढकी'चे, म्हणजे सुताराचे नाव पित्याच्या नावासह कोरलेले आहे. दरवाजाचे काम त्याने केले. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात, तो शब्द याच वंशाचा. व्यापाऱ्यांच्या आणि राजपुरुषांच्या नावांबरोबर सुताराचे नाव दगडावर यावे, हे त्या काळच्या धम्माच्या वातावरणाचे द्योतक आहे.

आता लाकडाकडे वळू. लाकूड निर्जीव झाले तरी स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात आडवे फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. जुन्या सुतारांना हे पक्के ठाऊक असे. म्हणून ते फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडत नसत. पायाला खाच पाडून आडव्या पट्टीचे कुसू तीत बसवीत आणि वरून लाकडी मेख किंवा पाचर ठोकीत. असा सांधा सैल झाला की मेख काढावी, सांधा उघडावा, नवी पाचर घालून पुन्हा आवळावा. त्यांचा सरसही प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. वरवर पाहता हा दोष. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र हाच मोठा गुण, कारण लाकूड न फोडता सांधा उकलता येतो. पार्टिकल बोर्डचे नेमके उलट असते. लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली ती फळी सपाट दिसते, स्वस्त पडते, पण कडेला पाणी लागले की फुगते आणि एकदा उपसलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. सागाच्या फळीवर ओरखडा उठला तर रंधा मारून तेल लावता येते; चिकटवलेल्या चकचकीत कागदावर उठला तर तो कायमचा. मग मुलगा त्या बाकाला आपले म्हणत नाही, कारण त्याला करण्यासारखे तेथे काही नसते.

कारखान्यात बनलेली वस्तू दुरुस्तीयोग्य असूच शकत नाही, असा याचा अर्थ नव्हे. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने व्हिएन्नात राहून बीच लाकूड वाफेने मऊ करून वाकवण्याची रीत सिद्ध केली. १८५९ मधील त्याची १४ क्रमांकाची खुर्ची अवघ्या सहा लाकडी भागांची, दहा स्क्रू आणि दोन नटांची होती. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. १९३० पर्यंत तिच्या सुमारे ५ कोटी प्रती खपल्या. मुंबईच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती दिसणाऱ्या गोल बैठकीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच कुळातल्या. तिचा पाय मोडला तर पाय बदलावा, बैठकीचे वेतकाम फाटले तर पुन्हा विणावे. आपल्याकडे वेताच्या खुर्च्या विणण्याचे शिक्षण अंध बांधवांना देण्याची प्रथा अनेक वर्षे होती, आणि त्या विणकामाची बोटे डोळस माणसाला हेवा वाटावा अशी चालत.

याच्या पुढचे उदाहरण आपल्या डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९५०च्या दशकात चंडीगड शहर उभे राहत असताना पिअर जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, वसतिगृहे यांसाठी सागवान आणि वेत यांचे साधे, भक्कम फर्निचर घडवले. कंपासासारखे फाकलेले पाय ही त्याची खूण. स्थानिक सुतारांनी ते मोठ्या संख्येने केले. पुढे कचेऱ्यांना चाकाच्या, रेक्झिनच्या खुर्च्या हव्याशा वाटू लागल्या आणि हे सामान गच्च्यांवर, आवारांत ढिगाने पडले, भंगार म्हणून लिलावात गेले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते उचलले, दुरुस्त केले, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत एकेका खुर्चीला लाखो रुपये येऊ लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला या वारशाच्या संरक्षणाचे आदेश काढावे लागले. आपली बाके लाखाला जातील असा आमचा दावा नाही! परंतु ज्या हातांनी ती टाकली त्यांना त्यांची किंमत कळली नाही, कारण त्यांपैकी कोणी ती कधी दुरुस्त केली नव्हती, हे मात्र खरे.

चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट आहे. संघासाठी आपणही काही बांधून द्यावे असे त्याला वाटले. स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. हात सवयीचा नसल्याने भिंत वाकडी झाली आणि पडली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पडली. तो संतापून म्हणू लागला, हे श्रमण दान देणाऱ्यांच्या बांधकामावर देखरेख ठेवतात, त्यांना सल्ला देतात. मी गरीब, म्हणून मला कोणी काही सांगत नाही. भगवंतांनी त्याच्यावर ठपका ठेवला नाही. बांधकामाची जबाबदारी एका भिक्षूकडे रीतसर सोपवावी, आणि त्याने काम लवकर पुरे होईल व मोडके-तोडके नीट केले जाईल याकडे लक्ष द्यावे, अशी व्यवस्था घालून दिली. 'नवकम्मिक' हे पद असे निर्माण झाले. दुरुस्तीचे पहिले पद एका गरिबाच्या तक्रारीतून आले, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपल्या शाळेतही सध्या तसेच काहीसे ठरले आहे. ज्यांचे लाकूड किडलेले नाही ती बाके दुरुस्त होतील. ज्यांचे गेले आहे त्यांच्या चांगल्या फळ्या, पट्ट्या काढून इतरांना लागतील. पटसंख्या वाढल्याने कमी पडणारी बाके नवी करावी लागतील, पण ती सांधे उघडता येतील अशा बांधणीची, आणि सर्व वर्गांना एकाच मापाची. प्रत्येक बाकाला क्रमांक व एक नोंदवही राहील. कोणत्या वर्षी काय दुरुस्ती झाली आणि ती कोणी केली, हे त्यात लिहिले जाईल. नववी-दहावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एक तास रंधा, पटाशी आणि करवत हाताळायला शिकवण्यासाठी गावातील एका अनुभवी मिस्त्रींनी होकार दिला आहे. त्यांचे मानधन शिक्षकाच्या तासाच्या दराने द्यावे, असा आमचा आग्रह होता व तो मान्य झाला.

कोरलेल्या नावांचा प्रश्न मात्र बराच घोळला. रंधा मारला तर नावे जाणार. शिक्षक म्हणून या कोरीव कामाबद्दल आम्ही कित्येकांचे कान पिळले आहेत. आणि तीच मुले आज बाप्ये होऊन, डोक्यावरचे केस गमावून शाळेत येतात, तेव्हा कार्यालयात न येता आधी वर्गात शिरून आपले बाक शोधतात, हेही आम्ही पाहिले आहे. शेवटी मिस्त्रींनीच तोड काढली. फळी उलटी करून बसवायची. खालची बाजू वर येईल, तिच्यावर रंधा आणि जवसाचे तेल. नावे खालच्या अंगाला राहतील. माजी विद्यार्थ्यांनी आपले नाव पाहायचे असल्यास थोडे वाकावे लागेल, एवढेच.

हे सारे त्या माउलींना सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मनुस्मृतीच्या यादीचा भाग ऐकताना मान हलवली, उदयन राजाच्या गोष्टीला हसल्या. मग त्यांनी एकच विचारले, "आणि हापिसातल्या खुर्च्या? त्या बी दुरुस्तच करणार का नव्या आणणार?"

मुख्याध्यापकांच्या दालनातील आणि आमच्या शिक्षकखोलीतील खुर्च्या दुरुस्तीच्या यादीत नव्हत्या. त्यांच्यासाठी नव्या गादीच्या खुर्च्यांचे दरपत्रक आलेले होते. ते परत पाठवले आहे. कार्यशाळेत पहिल्या तासाला बाकांआधी याच खुर्च्या उघडल्या जातील, असे पुढच्या सभेत ठरले.